मागच्या अंगणातली शेकोटी आणि महापालिकेची नोटीस

विंचूर मुक्कामी वडीलधारे झीशानभाई यांस,
नाशिकहून तुमच्या मेहुण्याचा, इसाकचा, सलाम.

तुमच्या गुडघ्याला उतार असेल अशी आशा. रोशनबी पंधरा दिवस तुमच्याकडे आहे, त्यामुळे तुमच्या जेवणाची काळजी नाही; माझ्या आहे. बाकी मी खुशाल. (उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.)

झालं असं, की शेकोटीचं नाव काढलं की नको म्हणणारी तुमची बहीण तिकडे यायला निघाली, त्याच दिवशी मी मागच्या अंगणात विटांची शेकोटी बांधायला काढली. थंडीत चार माणसं शेकत बसावीत, एवढीच हौस. गवंडी पुंजा म्हणाला, "चाचा, कुंपणाला लय चिकटून होतंय. धुराडं बी बुटकं हाय." मी वर्कशॉपात भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस. म्हटलं, आगीचं मला शिकवू नकोस.

आठव्या दिवशी नोटीस आली. सामासिक जागेत (म्हणजे घर आणि कुंपण यांच्यात मोकळी सोडायची पट्टी) विनापरवाना बांधकाम, शेजाऱ्यांची तक्रार. शेजारी म्हणजे मंगलाबाई. त्यांना ऐकू कमी येतं, पण धूर बरोबर कळतो. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. (त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.)

काल दुपारी पाहणीला एक तरुण इंजिनिअर आले. टेप लावून म्हणाले, "काका, कुंपणापासून वीतभरही अंतर नाही, धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी नाही." मी म्हटलं, "साहेब, पेटवून दाखवतो, मग बोला." ते "नको, नको" म्हणेपर्यंत मी द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांना काडी लावलीसुद्धा.

वारा सुटला आणि ठिणग्या कुंपणापलीकडे गेल्या. मंगलाबाईंनी रोपांवर हिरवी जाळी बांधलेली. तिच्या कोपऱ्याने पेट घेतला, आणि खाली बाई आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या! मी ओरडलो. ऐकू जाईना. झीशानभाई, त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी कुंपण चढलो आणि बाईंना दंडाला धरून ओढलं. वितळलेली जाळी हातावर टपकली. इंजिनिअरसाहेबांनी टेप फेकून आमचा पाण्याचा पाइप ओढला.

बाई आधी माझ्यावरच उखडल्या. "इसाकभाऊ, दार आहे की! कुंपणावरून काय येता?" मग त्यांनी मागे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. थोड्या वेळाने त्यांनीच उठून माझा हात पाण्याच्या बादलीत बुडवला आणि धरून ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब नखशिखान्त भिजलेले. म्हणाले, "सात दिवसांत काढा." मी म्हटलं, "उद्याच."

तुमचा,
इसाक

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की रोशनबीला आणखी आठवडाभर ठेवून घ्या. तोवर विटा हलतील, हात बरा होईल. तिला यातलं अक्षरही कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. : साहेब तक्रार अर्जाची प्रत ठेवून गेले होते, ती आत्ता चष्मा लावून वाचली. खाली मंगलाबाईंचा अंगठा आहे. पण अर्ज ज्या अक्षरात लिहिलाय ते मी चाळीस वर्षं किराण्याच्या यादीत वाचतोय, आणि सोबत जोडलेल्या पाकिटावर शिक्का विंचूरचा आहे; म्हणजे अंगठा तिने निघण्याआधीच घेऊन ठेवला होता. तिला म्हणावं, ये.