दोरीचं दुसरं टोक

अण्णा, आपलं कुंपण पडलं. वादळ नाही, वारं नाही. तुम्ही रेल्वेच्या लिलावातले जुने स्लीपर चिरून केलेले खांब वाळवीनं आतून पार पोखरले होते, त्यात कुणाच्या तरी मोकाट म्हशीनं पाठ खाजवली आणि तारेसकट अख्खी रांग आडवी झाली. म्हैसच बिचकून पळाली. मी पायरीवर बसून पोट धरून हसले, आणि मग घरात ते ऐकायला कुणी नाही हे ध्यानात येऊन गप्प झाले. तुम्ही गेलात, आई जाऊनही किती वर्षं झाली. जावईही गेले तुमचे. लेक पुण्याला, फोनवर असते. शाळेतली नोकरी संपल्यावर मी आपल्या या पूर्ण्यातल्या घरात येऊन राहिलेय, आणि खरं सांगते, दिवसभरात माझ्या तोंडून जेवढं बोलणं निघतं तेवढं तर वर्गात मी हजेरी घेताना बोलायची.

तार बसवणारा आला. म्हणाला, "बाई, जुन्याच खड्ड्यात नवे खांब रोवतो. दुपारच्याला मोकळे." मी म्हटलं, आधी मोजणी. तो माझ्याकडं बघतच राहिला. "वाद हाय का शेजाऱ्याशी?" वाद नाही रे बाबा. वाद व्हायला आधी बोलणं तर व्हायला पाहिजे. शेजारचा प्लॉट विकला गेला, तिथं उंच घर झालं, काळ्या काचांची गाडी आली. गाडी सकाळी जाते, अंधारात येते. घरातल्या बाई दिसल्या तर मान हलवतात. माझं त्यांच्याशी अजून एक धड वाक्य झालेलं नाही. पण मोजणी म्हटली की लगतच्याला नोटीस जाते, त्यानं हद्दीवर येऊन उभं राहावं लागतं. हा नियम मला कुणी कागदावर दाखवलेला नाही. तुमच्या तोंडून ऐकला होता, तोही आईला झापताना.

ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे. तुम्ही लोको शेडमध्ये फिटर. हा प्लॉट घेऊन आपण दोन खोल्या उठवल्या होत्या आणि भोवती सगळं मोकळं रान. आईला कुंपणाची घाई झालेली, कारण तिच्या मेथीत रोज शेरडं तोंड घालायची. तुम्ही मोजणीसाठी अडून बसलेले. तारीख मिळायची आणि नेमका त्या दिवशी बंद. एस.टी. बंद, परभणीहून मोजणीवाला येणार कसा? असं एकदा झालं, दोनदा झालं. शेवटी तुम्ही ड्यूटीवर असताना आईनं गडी लावला आणि बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. हद्द कुठली धरली, तर लिंबाची. कोपऱ्यातल्या कडुलिंबाला आम्ही झोका बांधला होता. झोका आपला म्हणजे लिंब आपला, झालं! मीपण आईच्या बाजूचीच. गड्याला काट्या उचलून देत होते.

तुम्ही कोळशानं माखलेले अंगणात आलात. अजून दिसताय मला. डबा खाली ठेवत नाही, पाणी पीत नाही, काट्यांकडं बघत उभे. "हे कुणी सांगितलं घालायला?" आई चुलीपुढूनच म्हणाली, "शेरडांनी." तुम्ही एरवी हसला असतात. त्या दिवशी नाही. "शेजाऱ्याला न बोलवता घातलं? कामून? उद्या तो म्हणला माझी जागा खाल्ली, तर काय सांगशील, शेरडांनी खाल्ली म्हणून?" आणि अंगातला शर्ट न काढता तुम्ही एकट्यानं त्या काट्या उपसायला घेतल्या. हाताला रक्त. मी जवळ आले तर म्हणालात, "लांब हो. ह्याला हात लावू नको."

तुमचं दुखणं मला तेव्हा कळत नव्हतं. चुडाव्याकडच्या आपल्या शेतात मोठे काका दरवर्षी नांगराचा फाळ जरासा बांधाकडं सरकवायचे, तुम्ही एकदा बोललात, आणि त्यावरून दोघा भावांची तोंडं बंद झाली ती कायमची. आजीच्या दहाव्याला तुम्ही नदीवर एका दगडावर आणि ते दुसऱ्या दगडावर. आई म्हणायची, तुझ्या बापाला बांधानं खाल्लं. म्हणून तुम्ही गाव सोडून रेल्वेत शिरलात, आणि म्हणूनच विताएवढ्या जागेसाठी एवढे घायकुतीला यायचात.

शेवटी मोजणीवाला आला. शेजारचा प्लॉट पोस्टात नोकरीला असलेल्या काकांचा. नामांतराच्या दंगलीनंतर गाव सोडून बायकोपोरांना घेऊन पूर्ण्याला आलेले. आपल्या भावकीतलं कुणीतरी तुम्हाला सांगून गेलं होतं, "त्यांच्या बाजूनं जरा उंच घाल, अन् बोलवायची काय गरज?" तुम्ही स्वतः जाऊन काकांना घेऊन आलात. साखळी फिरली, खुणा झाल्या, आणि दगड रोवायच्या आधी तुम्ही दोरी काढलीत. एक टोक काकांच्या हातात दिलंत. ते म्हणाले, "तुमीच ताणा की, माझा इश्वास हाय." तुम्ही म्हणालात, "इश्वासाचं न्हाई हो. दोन्ही टोकं एकाच्या हातात असली की दोरी वाकडी जाती." काका हसले. मग डोळा बारीक करून दोरीवरून बघत म्हणाले, "अहो मग नीट धरा! तुमच्याकडं झुकायलीय. मला फुकटचं नको अन् माझं सोडायचं बी न्हाई." तुम्हाला काय आनंद झाला होता! "असा शेजारी पायजे," असं तुम्ही रात्री जेवताना आईला ऐकवत होता.

दगडांच्या खड्ड्यांत तुम्ही शेडमधून आणलेला कोळसा ओंजळ ओंजळ टाकला. "दगड हालवता येतो. कोळसा कुजत न्हाई, दगड गेला तरी जागा दाखवतो." आणि कुंपण घातलंत ते दगडांवर नाही, चांगलं हातभर आपल्या आत. आईचा संताप झाला. "कुंपण शेत खातं म्हणत्यात, तुमचं तर शेतच कुंपणाबाहेर!" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "दगड दोघांचा. कुंपण एकट्याचं. ते दुरुस्त करायला उद्या मला त्याच्या अंगणात उभं राहायची पाळी नको." तिला पटलं नाही. मलाही नाही, कारण तोवर कळलं होतं की लिंब पलीकडं गेला. मी रडून गोंधळ घातला. "तुमी आमचा लिंब देऊन टाकला." तुम्ही म्हणालात, "दिला न्हाई पोरी. त्यांचाच होता." एवढंच. समजूत घालायला जवळसुद्धा घेतलं नाहीत.

पण पाडव्याला सकाळी कुंपणापाशी मावशी उभ्या. पोस्टातल्या काकांच्या बायको. हातात लिंबाची कोवळी डहाळी, फुलासकट. "आमी पाडवा करत न्हाई, पर तुमच्याला लागतो म्हणून तोडून ठिवलाय. घे." पुढं प्रत्येक पाडव्याला तसंच. त्या हातभर पट्टीत त्यांनी आईला विचारून गवती चहा लावला, आणि त्याची पानं दोन्ही घरच्या चहात पडायची. सकाळी आई इकडून तिकडं बोलायची, मावशी तिकडून. किती बोलायच्या अण्णा! उठल्यापासून तारेला टेकून. एवढं काय असायचं कुणास ठाऊक. आता त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही, नुसता आवाज आठवतो. काका-मावशी गेल्यावर मुलानं प्लॉट विकला. नव्या मालकांनी घर बांधताना लिंब तोडला. त्यांचाच होता, मी काय बोलणार?

तर मोजणी काल झाली. मी सकाळपासून तयारीत. धुतलेली साडी, ओट्यावर कप मांडलेले, आणि हसू नका, पेटीतून तुमची ती दोरी काढून ठेवलेली. मोजणीवाला पोरगेलासा, शेजारी आले ते फोन कानाला लावूनच. मी दोरी पुढं केली तर मोजणीवाला म्हणाला, "लागत न्हाई आता, आजी." त्यानं एक यंत्र लावलेली काठी आणली होती. ती घेऊन तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, वर आभाळाकडून त्याला म्हणे सगळं कळतं, आणि चुन्यानं खूण करून मोकळा झाला. कुणी काही धरायचं नाही, ताणायचं नाही, डोळा बारीक करून भांडायचं नाही. शेजाऱ्यांनी सही केली. मी म्हटलं, "चहा घ्या की." ते म्हणाले, "पुन्हा कधी नक्की, काकू," आणि जाता जाता फोन बाजूला करून विचारलं, "तुमची जागा कुंपणाच्या बाहेर निघाली. तुम्हाला माहीत होतं?" मी मान हलवली. पण का, ते ऐकायला त्यांना वेळ कुठं होता. कप तसेच उचलून ठेवले.

आता तुम्हाला खरं सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला मोजणीची काडीची गरज नव्हती. कुंपण पडलं त्याच दिवशी मी खुरप्यानं कोपऱ्यातली माती उकरली होती. दगड जागच्या जागी होता, खाली तुमचा कोळसाही होता, बोटं काळी झाली. तरीही मी अर्ज केला. नोटीस गेली की शेजाऱ्याला यावंच लागतं, तो तुमचा नियम मी धरून बसले.

तारवाला रोज विचारायलाय, खांब कधी रोवायचे. मी त्याला आज-उद्या करतेय. एकदा कुंपण झालं अण्णा, की मग शेजाऱ्यांना कोणत्या निमित्तानं बोलवू?