कुरड्यांच्या दिवसांत ठमीचं दुखणं

८ एप्रिल
ठमीला दाढा येतायत. कालपासून नुसती पातळ शी. आज धुताना किंचाळली. पालथी घालून पाहिलं तर बूड लालभडक, जांघेत कातडी ओली. डायपर काढून फेकला, खोबरेल लावलं, लंगोट बांधला.
हे म्हणाले, "मास्तरीण, सूनबाईनं त डायपरच घाला म्हणून सांगतलं होतं."
म्हटलं, सूनबाई पुण्यात आहे, बूड पुसदात आहे.

९ एप्रिल
व्हिडिओ कॉल. ऋतुजाला नातीचं बूड दाखवायचं म्हणजे सोहळाच. मी पोर पालथी धरते, हे मोबाईल धरतात, आणि ती तिकडून, "आई, जरा उजेडात घ्या ना. बाबा, हलवू नका."
लंगोट दिसला आणि बिनसलं. "आई, आपलं ठरलं होतं ना? ओलं कापड अंगाला राहतं." मागून आमचे चिरंजीव, "आई, तुझ्या काळातलं सोड आता." मंगेश याच लंगोटांत वाढला. त्याचं काय गळून पडलं ते विचारायला हवं होतं.
फोन ठेवता ठेवता ऋ. म्हणाली, "नाही जमलं तर सांगा आई. आम्ही घेऊन जाऊ, इथे पाळणाघर आहेच." गोड आवाजात. पाळणाघराची धमकी मला? उभा जन्म लोकांची पोरं वळवण्यात गेला माझा. दिवाळीपर्यंत ठेवू म्हणाले होते. दीड वर्षाची पोर, आत्ता कुठे मला "आजी" म्हणायला लागली आहे, तेही "आदी". मला ती दिवाळीपर्यंत हवी आहे. यापलीकडे मी कोणाकडे काही मागितलेलं नाही.

१२ एप्रिल
गव्हाचा चीक शिजवला. ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरड्या घालायच्या, पण ठमीला कोण बघणार?
हे म्हणाले, "मी पाहतो. तू जाय वर."
मंगेशचा लंगोट यांनी जन्मात एकदा बदलला नाही. तो ओला झाला की "अवो, हे पाहा" अशी हाक यायची. आणि आज नातीसाठी मांडी घालून बसले. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. वर साचा फिरवताना पदराने डोळे पुसले. शेजारच्या काकूंना वाटलं चिकाची वाफ.

१५ एप्रिल
ठमी बरी. पार बरी. काल जिथे लाल होतं तिथे आज गोरीपान कातडी. खोबरेल, कोमट पाणी, मोकळी हवा, दुसरं काही नाही. ऋ.ला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. अंगठा तर अंगठा. हे पेपरमागे हसत होते. म्हटलं, काय झालं? "काही नाई. तुह्या तेलाले मानलं."
गहू अजून बरेच आहेत. रोज थोड्या थोड्या घालणार. यांना सकाळचं काम लागलं, तेवढंच बरं.

२२ एप्रिल
परत उठलं. पहिल्यापेक्षा वाईट. कडेकडेने बारीक लाल पुरळ, मधली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकचकीत. मध्ये मध्ये सोललेली. शू झाली की अंग ताठ करते, तोंड उघडते आणि आवाजच फुटत नाही. टबात कोमट पाण्यात बसवली की थांबते. बाहेर काढली की पुन्हा सुरू.
ऊन मी म्हणतंय. लाइट गेली की कूलर बंद, मग तिचा घाम आणि माझा राग बरोबरीने वाढतात. काकू मीठ-मोहऱ्या ओवाळून गेल्या. ओवाळू दिलं. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायची ती बाई आज खाली मान घालून उभी होती.
हे दिवसभर अस्वस्थ. आत-बाहेर, आत-बाहेर.

२५ एप्रिल
कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयाने मुलीसारखी. बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.
"काय लावता आजी?"
"खोबरेल. आणि दोन दिवसांपासून सुनेनं पाठवलेलं झिंकचं मलम."
"अजून?"
"काही नाही."
"गजकर्णाची ट्यूब लावली असंन. थोडे दिवस नाही, चांगली रोज लावलेली दिसते. स्टिरॉइड असते त्याच्यात. आधी आराम पडल्यासारखा वाटते, मंग कातडी पातळ होते अन् बुरशी डबल माजते. खरं सांगा आजी, मी रागावत नाही."
नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे वर पंख्याकडे पाहत होते.
बाई लिहिता लिहिता हसल्या. "सगळ्याच आज्या नाही म्हणतात."
औषध असं: बुरशीचं मलम, त्यावर झिंकचा जाड थर, थालीपिठावर लोणी असतं तसा. पुसायचं नाही, टिपायचं. ऋ.च्या त्या वाइप्स, ओल्या कागदाच्या पुसण्या, बंद. डायपर असो की लंगोट, ओला झाला की त्या क्षणी बदलायचा, आणि घरात जमेल तितकी उघडी ठेवायची. म्हणजे ऋ.ही नापास आणि मीही. "आणि ती ट्यूब बंद केल्यावर काही दिवस उलटं वाढल्यासारखं वाटंल. घाबरून पुन्हा लावू नका."
लावलीच नाही तर बंद काय करू? हे मनात.
रिक्षात हे तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मला वाटलं, माझा अपमान यांना लागला.

२७ एप्रिल
ऋ.चा फोन. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. ट्यूबचंही सांगितलं, आणि मी लावलेली नाही हेही. लपवायचं काय त्यात.
ती म्हणाली, "ठीक आहे आई." त्या "ठीक आहे" मध्ये सगळं होतं. तिने आरडाओरडा केला असता तर मीही दोन शब्द बोलले असते. संध्याकाळी मंगेशचा फोन. शनिवारी येतो म्हणाला, गाडी घेऊन. "कायले एवढ्या उन्हात येता रे?" तर म्हणे, "बघू, आई."
बघू म्हणजे नेऊ.
ठमीचं वाढलंय. बाईंनी सांगितलं होतं वाढेल, पण हे का वाढावं? मी तर काही बंद केलेलं नाही. मला कळेनासं झालंय.

३० एप्रिल
कळलं.
वाळत घातलेल्या कुरड्या उलटायला सकाळी गच्चीवर गेले. डोक्याला बांधायचं फडकं विसरले म्हणून परत खाली आले. हे ठमीवर वाकलेले. हातात ट्यूब.
"काय करून राह्यले तुम्ही?"
"बाईनं सांगतल्यावर बंद केली होती. आज थोडीशीच लावली. पोरगी रडून राह्यली, मले पाहवत नाई."
"कोणती आहे ती?"
"माह्यी."
माह्यी म्हणजे जांघेची. उन्हाळा लागला की यांना तिथे गजकर्ण होतं. मग मेडिकलवाल्याकडून "ती खाजेची" येते. नाव सांगावं लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. आमच्याकडे घरोघरी असते ती, न्हाणीतल्या कोनाड्यात, सगळ्या पुरुषांची मिळून एक.
"कधीपासून?"
"तू कुरड्या घालायले लागली तवापासून. दोन-तीन दिवसात फरक पडला होता ना? तूच त फोटो पाठवला."
"मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तोंड काहून नाही उघडलं?"
"कसं सांगू? बाई माणूस ते. ट्यूब कायची होती म्हणून विचारलं असतं त?"
ट्यूब हातातून ओढून घेतली. शेपटीकडून टूथपेस्टसारखी घट्ट गुंडाळत आणलेली, थेंबही वाया जायला नको. ठमी आमच्या दोघांकडे पाहून हसली. तिला लावल्या लावल्या बरं वाटत असणार.
म्हणजे माझं तेल नव्हतंच. मी सगळ्यांना मिरवत सुटले होते.

सायंकाळ. डोकं अजून तापलेलं. यांची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पोर रडली की यांचे डोळे भरतात, मी पाहिलंय. पण या माणसाच्या जांघेची लाज पोरीच्या कातडीपेक्षा मोठी निघाली. आणि माझ्या शब्दापेक्षा तर किती तरी मोठी.

१ मे
यांना समोर बसवलं. म्हटलं, शनिवारी पोरं येतील, तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ऋ. म्हणेल, सासू अंगाशी आलं की सासऱ्यावर ढकलते. तुम्ही स्वतः म्हटलं तरच त्याला अर्थ आहे.
"सांगतो."
"नक्की?"
"सांगतो म्हणलं ना."
यांचं "सांगतो" मला पाठ आहे. तहसिलात उभी नोकरी यांनी "वर विचारून सांगतो" यावर काढली.
ठमी आज जरा कमी रडली. मलम लावताना स्वतःच पाय वर केले. शहाणी झाली बिचारी.

३ मे
आले. दुपारी, तापलेल्या गाडीतून. ऋ.ने चप्पलही नीट काढली नाही, तशीच ठमीकडे गेली. ठमीने आधी ओळख दाखवली नाही, माझ्या पदरात तोंड घातलं. ऋ.चा चेहरा पाहवेना. मला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.
चार वाजता शी झाली. ऋ. म्हणाली मी धुते. पोर किंचाळली तशी तिने माझ्याकडे पाहिलं. तिला दाखवलं, अशी धर, चोळू नकोस, मऊ फडकं नुसतं दाबायचं, मग वाऱ्यावर सुकू द्यायचं. ती रडत होती. "आई, तुम्ही रोज हे करत होतात?" म्हटलं, रोज. तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
आणि मग हात धरूनच विचारलं, "मग का लावलीत ती ट्यूब? मी खरंच चिडणार नाही. फक्त खरं सांगा."
मंगेश दारात उभा. हे खुर्चीत. मी यांच्याकडे पाहिलं. ऋ.ने माझी नजर पाहिली असेल, नसेल. मी थांबले. चांगली थांबले. वर्गात खोडी कोणाची ते कबूल होईपर्यंत थांबायची, तशी.
हे उठले. घसा खाकरला. म्हणाले, "टरबूज आणलं होतं सकाळी. कापू का?"
ऋ.ने माझा हात सोडला.

४ मे, रविवार
ठमीचं बूड खरोखर सुधारतंय. पुरळ बसलं, कडेने नवी कातडी येतेय, गुलाबी. बाईंनी सांगितलं तसंच. आज दिवसभर नुसत्या झबल्यावर घरभर फिरली, कुरड्यांच्या डब्यावर चमचा वाजवला. चांगली झाल्यावर नेतायत.
मंगेशने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, राग मानू नको. ऋतुजाला तिथे बरं वाटेल. दिवाळीला येतोच की." मी म्हटलं, "मी ट्यूब लावली असं वाटतं तुला?" तर म्हणे, "जाऊ दे ना आई, आता काय त्याचं." म्हणजे वाटतं. माझ्या पोटचा आहे. खोटं बोलला की माझ्या हातचे फटके खायचा, आणि आज तो मला माफ करून राहिला.
ऋ.ने बॅग भरली. डायपर, मलमं, ठमीची बाहुली. लंगोट तेवढे बाजूला काढून ठेवले, चांगले घडी घालून. कुरड्या दिल्या त्या घेतल्या. नाही म्हणाली नाही.
संध्याकाळी हे गच्चीवर आले माझ्या मागे. "तू काहून नाई सांगतलं मंग?" म्हणाले. म्हणजे आता हेही माझंच चुकलं. म्हटलं, तुमच्यासाठी थांबले होते. कठड्याला धरून उभे राहिले. म्हातारे दिसले. "पोरगी जाईन आता," म्हणाले. मला क्षणभर दया आली, तीही गिळली. दया करून करूनच इथवर आलो आपण.
उद्या ऊन व्हायच्या आत निघणार आहेत.
जेवणं झाली. सगळे झोपायला गेले. ट्यूब मी टेबलावर ठेवली आहे, यांच्या चष्म्याच्या घराला टेकून, गुंडाळलेल्या शेपटीसकट. घरात सगळ्यांच्या आधी हेच उठतात, नळाचं पाणी भरायला. मग ऋ. उठते, चहाला. तोवर ती ट्यूब यांच्या खिशात गेलेली असेल किंवा टेबलावरच असेल.
मी उद्या मुद्दाम उशिरा उठणार आहे.