तिसरा शर्ट

६ जानेवारी

सतरा! दहाच्या खाली पाहिजे. अकरा महिन्यांचं बाळ आणि रक्तात शिसं सतरा. नर्सताईंना म्हटलं, हे तर तांब्याच्या भट्टीवर आहेत, शिसं आलं कुठून? म्हणाल्या, "तांबं एकटं येत नाही गं. दगड वितळवला की त्यातलं शिसंही सुटतं, धुळीत बसतं. ती धूळ बापाच्या कपड्यांवरून घरात येते."

कारखान्यानं नियम काढलाय. ज्यांच्या पोरांचा नंबर वर, त्यांनी घरी जायचं नाही. तिथल्याच खोल्यांत राहायचं. धूळ धुऊन निघायला नवं न्हाणीघर बांधून झालं, पोराचा नंबर उतरला, की परत. हे पिशवी भरून संध्याकाळीच गेले. बाळाला जवळसुद्धा घेतलं नाही. दारातून नुसती बोटं हलवली.

नर्सताईंनी ही वही दिली. बाळ तोंडात काय काय घालतं ते रोज लिहायचं. सातवीपर्यंत शाळा झाली, तेवढं येतं मला. पुढची पानं त्यांची. मागची माझी.

७ जानेवारी

सेफ्टीवाला भट्टीचे कपडे न्यायला आला. आता ते कारखान्यातच धुणार. त्याच्या कागदावर तीन शर्ट. मी दोन दिले. म्हटलं, तिसऱ्याचं फडकं झालं, टाकलं कधीच. त्यानं तसं लिहून घेतलं.

फडकं नाही झालं. माझ्या उशीच्या खोळीत आहे. काखेत हिरवे डाग — घाम लागला की तांबं हिरवं पडतं. धुतला नाही. यांचा वास आहे त्याला. खोळीत तर आहे, कोण अंगात घालतंय! एवढं तरी राहू दे माझ्याकडे.

घर ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं. सासूबाई म्हणतात, "बापाच्या घामानं कुठं पोरं आजारी पडतात? माझी काय काचेच्या कपाटात वाढली?"

१२ जानेवारी

बाळ दुपारी झोपेना. रडून रडून लाल झालं. शेवटी माझी उशी दिली. खोळीचं टोक तोंडात घालून पाच मिनिटांत गप. नाक बापाचं, आणि वासही बापाचाच लागतो!

निळं टोपडं सापडत नाही. सासूबाई म्हणतात उंदरानं नेलं. उंदराला काय थंडी वाजते?

१३ जानेवारी

आजही उशीवरच झोपलं.

१९ जानेवारी

रविवार. कुंपणापाशी भेट. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे हे. वाळलेत. बाळानं दोन्ही हात पुढे केले — "बा, बा!" हे मागे सरकले. स्वतःच्या लेकरापासून माणूस मागे सरकतो, ते बघवत नाही. मी चपलेकडे बघत बसले.

२ फेब्रुवारी

यांचा फोन. म्हणाले, "चार्जरची वायर हातात धर." धरली. "त्यात मी आहे." ह्यांचं तांबं वायरीत जातं, मोटारीत जातं, पंख्यातसुद्धा. वर पंखा फिरत होता. म्हटलं, "सगळीकडे जाता, घरी तेवढं येऊ नका!" हसले. मग फोन कुणीच ठेवेना.

६ फेब्रुवारी

एकवीस. वाढला!!

नर्सताई घरी आल्या. नळाचं पाणी घेतलं, भिंतीचा रंग खरवडून घेतला, भांडी पाहिली. वही वाचली — चमचा, चप्पल, माझी वेणी, सासूबाईंची काठी. "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही."

सासूबाईंनी ऐकवलंच, "माझ्या लेकाला उगाच हाकललं. तो नसतानाही वाढलंच ना?"

खरंच की. हे तर नाहीत घरात. मग आणतंय कोण?

७ फेब्रुवारी

उशी दारात उन्हात झटकली. करडी धूळ उडाली. खोळीचं टोक चोखून चोखून काळं पडलंय.

तिथंच उंबऱ्यावर बसले.

८ फेब्रुवारी

सांगितलं तर? बाळ काढून घेतील का माझ्याकडून? सेफ्टीवाल्याला खोटं बोलले, यांची नोकरी गेली तर? नाही सांगितलं तर आहेच एकवीस. मग पंचवीस.

९ फेब्रुवारी

पुढच्या, नर्सताईंच्या पानावर लिहिलं — शर्ट. रोज दुपारी. उशीतून.

तोंडानं बोलता आलं नसतं. वही नर्सताईंच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी वाचलं. मग विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, बारा जानेवारीपासून. वाटलं आता थोबाडीत बसणार. म्हणाल्या, "लिहिलंस ते बरं केलंस. नाहीतर मी अजून भिंतीच खरवडत बसले असते."

शर्ट आणि उशी पिशवीत घालून तोंड बांधायला सांगितलं. बांधायच्या आधी एकदा नाकाशी धरावासा वाटला. नाही धरला.

१० फेब्रुवारी

दुपारभर रडलं. मांडीवर घेऊन बसले. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं द्यायला.

१० मार्च

चौदा.

यांना अजून सांगितलं नाही. पोराला दूर ठेवायला हे तिकडे एकटे राहिले, आणि मी इकडे रोज तेच चाटवत होते! आई आहे का वैरीण, असं म्हणतील. फोन आला की "बरं आहे" म्हणते आणि बाळाच्या कानाला लावते.

१२ एप्रिल

नऊ!!! नऊ नऊ नऊ. न्हाणीघरही सुरू झालं. सासूबाई शेजारी सगळ्यांना सांगून आल्या, नंबर म्हणजे काय ते ठाऊक नसताना.

वीस तारखेला येणार. आले की आधी शर्टाचं सांगायचं. मग काय ते बोलू देत.

२० एप्रिल

आले. केस ओले, कपडे धुतलेले, साबणाचा वास. दारातच थांबले. खाली बघत पिशवीतून काढलं — निळं टोपडं. हिरवं पडलेलं. "हेल्मेटच्या आत ठेवायचो रोज," म्हणाले. "भट्टीवरचं काही घरी आणायचं नाही, नियम माहीत होता गं."

मी ओरडले, "तिथंच थांबा!" आणि पिशवी आणायला धावले.

पुढच्या पानावर लिहिलं — टोपडं. तोंडात घातलं नाही.