रोजचा एक चेहरा

२ जून
आले एकदाची! सामान अजून खोक्यांत आहे, पण खिडकीशी टेबल मिळालं. चाळिशी उलटल्यावर लग्न केलं म्हणून ताईने मनसोक्त चिडवून घेतलं, मीही हसले. ह्यांची मुलगी पंधरा वर्षांची. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. मला हाक काय मारायची यावर आम्ही दोघींनी बराच खल केला आणि 'मावशी'वर तडजोड झाली. जेवताना तिचा मोबाईल मांडीवरच होता. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, म्हणून सवयीने पाहिलं. पोरीचे डोळे लाल, सुजलेले आहेत. कित्येक रात्री नीट झोपली नसावी.

५ जून
आज तिने स्वतःहून सांगितलं. तिच्या वर्गातल्या मुलींची एक साखळी आहे. दिवसातून एकदा, केव्हाही, मोबाईल बोलावतो. त्याच मिनिटाला आपल्या चेहऱ्याचा फोटो पाठवायचा. एकीचं चुकलं की सगळ्यांची साखळी तुटते. सुरू कुणी केली, कुणालाच माहीत नाही. बोलावणं निसटेल या धास्तीने ती झोपत नाही, शाळेचे सुट्टीतले जादा तास बुडवते. ह्यांनी एकदा मोबाईल काढून घेतला, तर दोन दिवस अन्नाला शिवली नाही म्हणे.

९ जून
मीच सुचवलं, मोबाईल माझ्याकडे राहू दे. बोलावणं आलं की मी माझा फोटो पाठवीन.
"तुमचा? म्हातारीचा?"
"का, साखळीला वयाचा दाखला लागतो?"
ती हसली. मग दुपारभर गाढ झोपली. हे मी तिच्यासाठी केलं, की चांगली ठरायची घाई झालीय मला? दोन्ही असावं. माझा फोटो चालला.

१४ जून
ती शाळेत जाते. दोनदा वाढून घेते. माळ्यावरून बॅडमिंटनची रॅकेट काढली.
दुकानात मात्र विचित्र झालं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मी भिंग पुढे धरलं, आणि त्याने मान वळवून विचारलं, कुणी आहे का आत? मी समोर उभी होते. त्याची नजर अधू होती हे खरं. पण इतकी नाही.

१७ जून
ह्यांनी दोनच ताटं घेतली. मी बोलले तेव्हा दचकले, मग ओशाळले. आरशात पाहिलं. माझ्यातून मागच्या फरशा दिसतात. मोबाईलमधला माझा चेहरा तेवढा लख्ख आहे.
मी थांबले तर बोलावणं पुन्हा तिला जाईल. मग नाही थांबत.

१९ जून
मोबाईलवर अक्षरं आली : हा चेहरा संपत आला. मुलीचा पाठव.
लिहिलं, मिळणार नाही. पुन्हा तेच आलं. मीही पुन्हा तेच लिहिलं. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण वाटली म्हणून भीतीचं ऐकायचं, असं कुठे आहे?

२० जून
स्वयंपाकघरात पोरगी मला शोधत होती — माझ्या अंगावरून हात नेऊन डबा काढला — बाबांना विचारलं, मावशी कुठे गेली? मी ओरडले. ऐकू गेलं नाही.

२१ जून
आवाजही तिकडे गेला. मोबाईल माझ्या आवाजात तिला हाक मारतोय. माझ्याहून गोड. ये गं, एकच फोटो — ती खेळून आलीय, जिन्यात आहे, "आले, मावशी" म्हणतेय —

पोरी, हे वाचशील तर — ती हाक माझी नाही. ऐकू नकोस.

हातोडी सापडली. माझा चेहरा त्याच्यात आहे, फोडला तर मीही — असू दे. चेहरा घेतलास. आवाज घेतलास. हात अजून माझा आहे, आणि पोरगी तुला —

दार वाजलं. आता —