नासलेल्या दुधाचा आकडा

कराक, २४ फेब्रुवारी १९९६

ति. अवाददादास,
सलाम आणि फिद्दाचा सा. न. वि. वि.

ईद तुमच्याकडे गोडाधोडात गेली असेल. आम्ही सगळे खुशाल. मामंजींचा खोकला थांबला, त्यामुळे त्यांची बडबड पुन्हा सुरू झाली आहे. मेंढ्या बहुतेक व्यायल्या, दुधाचा हंगाम तोंडावर आला.

आता मुद्द्याचं. मी बँकेत कर्जाचा अर्ज दिलाय, सहा हजार दिनारांचा. हसू नकोस. गेली चार वर्षं मी आमच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या दुधाचं जमीद करते, ताक आटवून, मीठ घालून मळते, गोळे वळते, गच्चीवर वाळवते. तुमच्या अम्मानचे दुकानदार सगळं उचलतात. दूध थंड ठेवायची मोठी टाकी, मोठ्या कढया आणि वाळवणाची खोली झाली तर माल दुप्पट निघेल. खलफचं मात्र एकच पालुपद, यंदाही काही जमलं नाही तर मोठ्या ईदच्या आधी कळप विकायचा आणि अकाबाच्या बंदरात हमालीला जायचं. नवरा तिकडे आणि रिकामा गोठा इकडे, हे मला बघवणार नाही, दादा. तारण म्हणून बाबांच्या जमिनीतला माझा वाटा लिहिलाय.

कोर्टासमोर अर्ज टाइप करणारा बसतो ना, त्याला पंधरा दिनार देऊन प्रकल्प अहवाल करून घेतला. प्रत सोबत आहे. तू तीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात काढलीस. तुझा एक शब्द पुरे होईल. टाकशील ना? फोन करू नकोस, फोन दुकानात आहे आणि दुकानदार अर्ध्या गावाला ऐकवतो. बसच्या ड्रायव्हरकडे पत्र दे.

सुहैलावहिनींना सलाम. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
फिद्दा


अम्मान, १ मार्च १९९६

चि. फिद्दास,
सलाम व अनेक आशीर्वाद.

पत्र आणि अहवाल पोचला. शब्द टाकणार नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे काय रागवायचं ते रागावून घे आणि मग पुढचं वाच. कुणी शब्द टाकला की मी ती फाइल दोनदा तपासायचो. आता तिथे बसलेलेही तेच करत असतील.

अहवाल वाचून सुहैला आणि मी पोट धरून हसलो. पान सातवर तुझ्या मेंढ्या दिवसाला दोनशे अंडी घालतात! त्या टाइपवाल्याने आधी कुणाच्या तरी कोंबड्यांचा अहवाल केलेला असणार. ते पान आधी बदलून घे.

बँकेचा माणूस बघायला येईल. तुझं भाषण तो ऐकेल, पण मागेल विजेचं बिल, कारण काम किती चालतं ते बिलावरून कळतं. मग तुला न सांगता दुकानदारांकडे जाऊन येईल. तुझा माल खपतो हे खरं, पण पैसा हातात येतो तो उन्हाळ्यात, आणि अहवालात हप्ता दर महिन्याला धरलाय. डिसेंबरात काय विकून भरणार, खलफच्या मिशा? हप्ता हंगामापुरताच माग. भाव उतरला, दूध कमी आलं, तर किती उरेल तेही मांडून ठेव. बाकी आकडे मी पाहिले, ठीक आहेत.

बाबांचा तुकडा तारण ठेवलास हे मात्र जिवाला लागलं. वाटा तुझा आहे, माझा काही हक्क नाही. तरी लागलं.

मामंजींना माझा सलाम सांग. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अवाद


कराक, १६ मार्च १९९६

ति. दादास,
सलाम व सा. न. वि. वि.

रागावले होते, पण आता त्याला वेळ नाही. सगळं मुसळ केरात गेलं आहे.

बँकेतून बाई आली. लमीस नाव, तुमच्या अम्मानचीच, पंचविशीची. बूट अंगणातल्या लेंड्यांत रुतले तरी कपाळाला आठी नाही. विजेचं बिल मागितलं तेव्हा मला हसू आवरेना. मामंजी पाहुणीसाठी मेंढी कापायला निघाले. खलफने त्यांना बाजूला घेऊन समजावलं की बाबा, अर्जात त्रेचाळीस मेंढ्या लिहिल्यात आणि ती मोजायला आली आहे, तिच्यादेखत बेचाळीस कशा करता?

मग कॉफी आली. तिने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला. कर्ज मागणाऱ्याकडचं काही घ्यायचं नाही असा बँकेचा नियम आहे म्हणे, हे तिने नंतर सांगितलं. मामंजींना तो नियम कुठून माहीत? पाहुण्याने पेला तसाच खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय आणि आपण ते द्यायचं, एवढंच त्यांना माहीत. ते ताठ बसले आणि म्हणाले की पोरी, मागशील ते दिलं, आता कॉफी पी. पोरगी गडबडली. मग जरा विचार करून म्हणाली की आजोबा, मला एकच द्या, गेल्या वर्षी किती दूध नासलं ते खरं सांगा.

दादा, अहवालात मी तिथे शून्य लिहिलं होतं. तुलाही कळवलं नाही. लाजेपायी, दुसरं काय! लांबच्या वस्त्यांवरून दुपारी आलेलं दूध सकाळपर्यंत टिकत नाही. त्याचं जमीद पिवळं पडतं, कडवट लागतं. मी मामंजींना डोळ्यांनी खुणा केल्या, पण ते शब्द देऊन बसलेले. सरळ सांगून मोकळे झाले, तीन घागरींतली एक जाते. वर हेही सांगितलं की कुणाला दिसू नये म्हणून सून ती मागच्या घळीत ओतते.

तिने लिहून घेतलं, पेला उचलला, कॉफी संपवली आणि गेली. मी दोन दिवस मामंजींशी बोलले नाही. ते मात्र समोर बसून मजेत खजूर खातात. खलफ कळप मोजत हिंडतोय, कशासाठी ते मला कळतं.

दुसरं काय लिहू! या वेड्या बहिणीवर लोभ असू दे.

तुझी,
फिद्दा


कराक, ८ एप्रिल १९९६

ति. दादास,
सलाम व सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, पण मला दम निघत नाही. लमीसबाई पुन्हा आली होती! म्हणाली की तुमच्या अहवालात काहीच नासत नव्हतं, मग टाकी हवी कशाला, हेच तिला कळत नव्हतं. मेंढ्या तेवढ्याच, दूध तेवढंच, मग जास्तीचा माल येणार कुठून? टाकी आली तर घळीत जाणारं दूध घरात राहील आणि त्या वाचलेल्या दुधावरच कर्ज फिटेल. नवं दूध नको, फारशी नवी गिऱ्हाइकं नकोत. भाव पाचव्या हिश्श्याने उतरला तरी फिटतं, हे तिने माझ्यासमोर मांडून दाखवलं. जे मी चार वर्षं लपवत होते, त्याच्यावरच बाईने प्रकल्प उभा केला.

कर्ज मात्र अडीच हजारांचं, फक्त टाकीपुरतं. कढया आणि खोली पुढे कधीतरी बघू म्हणाली. हप्ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत, तीन वर्षं. मामंजींशी बोलणं सुरू केलंय. केलं नसतं तर त्यांनी खजूर संपवले असते.

एक अडलंय. बाबांची जमीन बँकेला नको, कागदावर आपल्या चारही भावंडांची नावं एकत्र आहेत. त्याऐवजी पगार नाहीतर पेन्शन असलेला जामीन हवा. तुला जामीन राहा म्हणत नाही हं, नुसती बातमी कळवते. खलफच्या मास्तर चुलतभावाला विचारलं, तो आधीच दोघांना जामीन आहे. गुरुवारपर्यंत मुदत आहे. सापडेल कुणीतरी. खलफने मात्र मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला शुक्रवारी यायचा निरोप धाडलाय.

वहिनींना सलाम. लोभ असावा, आणि पत्र लवकर यावं.

तुझी,
फिद्दा


अम्मान, ११ एप्रिल १९९६

चि. फिद्दास,
सलाम व आशीर्वाद.

आधी खलफला सांग, व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठव.

आज पहिल्या बसने कराकला येऊन गेलो. बँक उघडायच्या आधी दारात उभा होतो. तुझ्या घरी आलो नाही, कारण तू रडली असतीस आणि मग माझंही काही खरं नव्हतं. हे पत्र त्याच बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे.

उत्तर का पाठवलं नाही ते सांगतो. मला लाज वाटत होती. आकडे ठीक आहेत असं मी लिहिलं, पण ते शून्य मला दिसलं होतं. असं शून्य लिहिलेल्या कितीतरी फायली मी आयुष्यभर परत धाडल्या. तुझी फाइल होती म्हणून गप्प बसलो. तुझं काम व्हावं असं मनात होतं, आणि मी गप्प बसलो तशी बँकही गप्प बसेल असं वाटलं. लमीसबाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि मला खुर्ची दिली.

मग त्यांनी जामिनकीचा कागद पुढे केला. तीन पानांचा. मी हजारभर माणसांकडून त्यावर सह्या घेतल्या असतील, पण सगळा कधी वाचला नव्हता. आज वाचला, ओळ न् ओळ. कर्जदाराने भरलं नाही तर जामीनदार भरेल, पेन्शनीतून भरेल, पैसे आधी कुणाकडे मागायचे ते बँकच ठरवेल. माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं इथेच अडखळायची. कुणाचा मामा, कुणाचा साडू. लेखणी हातात धरून नुसते बसून राहायचे, आणि मी घड्याळ बघायचो. मला वाटायचं, त्यांना वाचता येत नाही.

आज मीही तसाच बसून राहिलो. लमीसबाईंनी घड्याळ बघितलं नाही. मग मी सही केली.

लोभ असू दे. त्याला जामीन लागत नाही.

तुझा,
अवाद