आठ तीन आणि शेवटी एक

वरकुटे, ३ जानेवारी १९९६
शोध लागला! ३१ मूळ संख्या. ३३१ मूळ. ३३३१ही मूळ, एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. म्हणजे तीन कितीही लिहा, शेवटी एक ठेवा, संख्या मूळच! नाव ठेवलं : मोहनराव नियम. नम्र राहायचं, असा संकल्प.

४ जानेवारी
३३३३१ तपासायला घेतली. सात, अकरा, तेरा झाले. सतराला डोकं दुखलं. तो पाढा मला लहानपणापासून सोसत नाही. शितावरून भाताची परीक्षा, पुढचं सोडून दिलं. सौ. म्हणाली, त्याच पाढ्यापायी पोरास्नी अंगठं धराया लावता की! तिला रिसर्च कळत नाही.

९ जानेवारी
हेडमास्तर २६ जानेवारीला सत्कार करायला तयार. शाल मीच इंदापुरातून आणून गुपचूप त्यांच्याकडे दिली. आजवर दुसऱ्यांची मानपत्रं वाचून घसा बसला, माझ्या खांद्यावर कुणी साधा टॉवेल टाकला नाही. वाईट वाटतं. का वाटू नये?

१७ जानेवारी
शाळेच्या भिंतीवर संख्या रंगवली. ठरले होते सात तीन. सिद्धू पेंटर म्हणाला, गुर्जी, आजून येक तीन बसतोय, जागा हाय. म्हटलं, बसव! ३३३३३३३३१. लांबून काय शोभते! खाली लिहून घेतलं : भाग घालून दाखवा, शाल घेऊन जा. बारामतीहून नवे आलेले बुद्धघोष सर उन्हात उभं राहून वाचत होते. जळतात.

२६ जानेवारी, दुपारी
झेंडावंदन झालं. शाल ताटात. बुद्धघोष सर उठून म्हणाले, सतरानं भाग जातोय. मी म्हणालो, अशक्य. हेडमास्तर म्हणाले, मग तुम्हीच फळ्यावर करून दाखवा.
सतरा आठेपाशी अडकलो. अख्खी चौथी ओरडली, छत्तीसासे!
बाकी शून्य.
सर हळूच म्हणाले, एक तीन कमी असता तर मूळच होती. मी म्हणतो, चूक सिद्धूची. जागा दिसली की रंगवतो!
हेडमास्तर म्हणाले, पैज तुमची, शाल तुमच्याच हातानं घाला. घातली. सरांना शोभली, मेली.

३० जानेवारी
सर रोज शाल पांघरून येतात. सौ. भाकरी थापता थापता माझ्याकडून सतराचा पाढा म्हणून घेते. सातेपर्यंत येतो. आठेपाशी आलं की थंडी वाजते.