दहा मायक्रॉन

नाहूर,
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय नंदकुमार,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दचक. 'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, खोडत बसत नाही.

तुला बढती मिळाल्याचं कळलं. अंधेरीच्या आपल्या संस्थेत तुला आता वेगळी केबिन आहे म्हणे. तेव्हा आपण एकाच टेबलावर बसून कागदावर फुफ्फुसं काढायचो. एका श्वासनलिकेचे दोन फाटे, दोनाचे चार, असं तेवीस वेळा, थेट तळापर्यंत. त्यातून हवा कशी वाहते आणि हवेतला कण कुठे चिकटतो, हे कॉम्प्युटरला शिकवायला दीड वर्ष लागलं. समीकरणं तुझी, प्रोग्रॅम माझा. पहिलं उत्तर बरोबर आलं त्या संध्याकाळी वर्सोव्याला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात, तू मला लग्नाचं विचारलंस. मी लगेच हो म्हटलं. जरा तरी भाव खायला हवा होता.

तो प्रिंटआउट मी बाबांना दाखवला होता. ते चिनी मातीच्या कारखान्यात, गारगोटी दळायच्या खात्यात बावीस वर्षं होते. खोकला तेव्हाच लागला होता. कारखान्याचा डॉक्टर टीबी म्हणायचा. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यात माजी धूळ खंय बसली गो?" मी हसले. म्हटलं, बाबा, आधी तुमच्या धुळीचा आकार कळायला हवा. दुसऱ्या दिवशी तुलाही हे सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात तू म्हणालास, "उत्तरा, कणाचा आकार दहा मायक्रॉन घालून एकदा चालव ना. नुसतं तुलनेला." कॉम्प्युटरला तो आकडा देणारं कार्ड मी माझ्या हातानं पंच केलं. उत्तर आलं: जवळजवळ सगळी धूळ नाकाघशातच अडकते. अडकणारच रे, एवढा जाडा कण खाली कशाला उतरेल? तो कागद तू घेऊन गेलास. दोन महिन्यांनी तुझ्या आईला आमची खोली लहान वाटायला लागली आणि लग्न मोडलं. मी वेडी, खोलीलाच दोष देत बसले.

बाबा गेल्या मार्चमध्ये गेले. शेवटी शेवटी त्यांना माझं नावसुद्धा एका दमात घेता येत नव्हतं. ते धुळीनं गेले एवढं कुणीतरी लिहून द्यावं, म्हणून आई कामगार न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये कारखान्याच्या वकिलानं तज्ज्ञाचा अहवाल काढला: या खात्यातली धूळ फुफ्फुसापर्यंत पोचतच नाही. पुढे तक्ता. माझा तक्ता, नंदकुमार. खाली सही तुझी, आणि तारीख तू तो कागद नेलास त्याच महिन्यातली, आपल्या साखरपुड्याच्या आठवडाभर आधीची. बाबा कुठे काम करतात हे तुला पक्कं माहीत होतं. धूळ मोजल्याचा मात्र उल्लेखही नाही.

मी रडले नाही. बाबांबरोबर काम केलेल्या भाऊंनी त्या खात्यातल्या वरच्या तुळईवरची धूळ पुडीत बांधून आणून दिली. मी शिकवते त्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. बहुतेक कण तीन मायक्रॉनच्या आतले. आपलाच जुना प्रोग्रॅम पुन्हा चालवला. धूळ तळाशी जाते आणि तिथेच राहते.

काल प्रतिज्ञापत्र दाखल केलं. दहाचं कार्ड मीच पंच केलं, हेही त्यात लिहिलंय. आमचे वकील नको म्हणत होते, नोकरी जाईल म्हणाले. आई म्हणाली, "माका आकड्यातला काय कळणा नाय. पण खरा तेवढा सांग." सोमवारी अकरा वाजता तुझी उलटतपासणी आहे, आणि तुला विचारायचे प्रश्न वकिलांना मी काढून दिलेत. तू कुठे अडखळतोस ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? हे आधी कळवतेय ते तुला सावध करायला नाही. धूळ मोजली होतीस का, या एका प्रश्नाला उत्तर नाही हे तुलाही माहीत आहे. उत्तर शोधत हे चार दिवस तू काढावेस, एवढ्यासाठीच हे पत्र. ते कसे गेले, ते मी तुझ्या चेहऱ्यावर वाचीन. आईला पुढच्याच बाकावर बसवणार आहे.

सोमवारपर्यंत तुझीच,
उत्तरा